दोन माणसांची मोटार

आमचे चिरंजीव गेलीं सहा वर्षें इंग्लंडांत नोकरीस आहेत. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सुमारें दहा किलोमीटरांवर थेम्स नदीच्या कांठीं ॲबिंग्डन नांवाचें टुमदार गांव आहे. तेथें त्यांचें बिऱ्हाड आहे. गेल्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत आम्ही उभयतां प्रथमच तिकडे गेलों. जाण्यापूर्वींच आमच्या मनांत एक लहानशी अढी होती, ती वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. चिरंजीवांनीं एक जुनी मोटार घेतली होती आणि तिचें छायाचित्र आम्हांस पाठविलें होतें. मोटार दिसावयास सुरेख, परंतु तिला बैठका दोनच! तिसऱ्या माणसास बसावयास तींत जागाच नाहीं. ज्यास आपल्या घरीं आईबाप आहेत याची आठवण आहे तो असली मोटार घेत नाहीं, असें आम्हीं सौभाग्यवतीस बोलून दाखविलें. ती कांहींच बोलली नाहीं. तिच्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस इतक्या वर्षांच्या संसारांत पुरता कळूं लागला आहे; तेव्हां आम्हींही तो विषय पुढें वाढविला नाहीं. तथापि विमानतळावर चिरंजीव मोटारीशिवाय आले आणि ऑक्सफर्डपर्यंत एक बस, तेथून दुसरी बस, अशा रीतीनें पेट्या सांभाळीत आम्ही घरीं पोंचलों, तेव्हां ती अढी कांहीं सैल झाली नाहीं.

गांव मात्र मनांत भरलें. नदीवर जुना दगडी पूल आहे. कांठावर सेंट हेलेन्स या देवळाचें उंच निमुळतें शिखर दिसतें. चौकांत काउंटी हॉल नांवाची भव्य इमारत आहे. ती १६७८ ते १६८२ या काळांत, हें गांव बर्कशर परगण्याचें मुख्य ठाणें असतां बांधलेली आहे. पुढें तो मान रेडिंग शहराकडे गेला आणि १९७४ सालीं गांवच ऑक्सफर्डशर परगण्यांत गेलें. राजघराण्यांतील मोठ्या प्रसंगीं या इमारतीच्या गच्चीवरून खालीं जमलेल्या लोकांवर गोड पाव फेंकण्याची येथें चाल आहे. हें ऐकून सौभाग्यवतीस आपल्याकडील पालखीवर उधळल्या जाणाऱ्या लाह्याबत्ताशांची आठवण झाली.

याच इमारतींत आतां गांवाचें संग्रहालय आहे आणि तेथें इतर जुन्या वस्तूंबरोबर चक्क एक मोटार ठेवलेली आहे. याचें कारण असें कीं, एम्. जी. या नांवाच्या उघड्या, चपळ मोटारींचा कारखाना १९२९ पासून १९८० पर्यंत याच गांवीं होता. त्यांतील एम्. जी. बी. ही जात १९६२ सालीं निघाली आणि कारखाना बंद होईपर्यंत तिच्या पांच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. चिरंजीवांच्या शेजारीं राहणारे गृहस्थ कोवळ्या वयांत त्या कारखान्यांत लागले होते. कारखान्याचें दार लागलें तेव्हां ते पंचविशीचेही नव्हते. परंतु आजही ते 'आमचा कारखाना' असेंच म्हणतात.

चिरंजीवांची मोटार मात्र एम्. जी. नव्हे. ती जपानांतील हिरोशिमा शहरीं जन्मलेली, माझदा कंपनीची एम्. एक्स्. ५. इंग्रजांच्या उघड्या मोटारी जवळजवळ नामशेष झाल्यावर जपानी लोकांनीं तीच कल्पना उचलली आणि १९८९ सालीं ही मोटार शिकागो येथील प्रदर्शनांत मांडली. २०१६ पर्यंत असल्या दहा लाख मोटारी निघाल्या. ती घडवितांना त्यांनीं 'जिन्बा इत्ताइ' हें सूत्र पुढें ठेविलें होतें. स्वार आणि घोडा एकजीव व्हावे, असा त्याचा अर्थ. शेजारी गृहस्थांस या परक्या मोटारीचा मत्सर वाटत असेल असा आमचा तर्क होता. पण तो खोटा ठरला. दर वर्षीं हिंवाळ्याच्या तोंडाशीं तिच्यावर कडक टप चढविण्यास तेच हात लावीत असत.

आतां हा टप म्हणजे काय, तें सांगणें प्राप्त आहे. या मोटारीस एरवीं कापडी टप असतो. उन्हाळ्यांत तो मागें घडी करून ठेवावा आणि उघड्यावर हिंडावें, हीच तिची मौज. परंतु तिकडील हिंवाळा ओला आणि लांब असतो. कापड भिजून जड होतें, वारा आंत शिरतो आणि थोडा वेग घेतला कीं शेजारच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. म्हणून हिंवाळ्यापुरतें एक घट्ट छप्पर वरून बसवितात. तें एका जातीच्या कडक, हलक्या प्लास्टिकचें असून त्यास मागें खरी कांच असते. वजन सुमारें वीस किलो, म्हणजे फारसें नाहीं. परंतु आकार असा अडनिडा कीं एकट्या माणसानें तें उचलूं नये. जरा तोल गेला तर मोटारीच्या रंगावर ओरखडा आलाच म्हणून समजावें.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तिकडे घड्याळें एक तास मागें घेतात आणि संध्याकाळ एकाएकीं लौकर होऊं लागते. त्या दिवशीं टप चढवावयाचें ठरलें होतें. परंतु शेजारी गृहस्थांचा खांदा यंदा दुखावला होता. चिरंजीव सकाळीं चहा घेतांना जरा अडखळतच म्हणाले, "बाबा, तुम्ही जरा हात लावाल का? दोन माणसें लागतात."

आम्हीं 'हो' म्हटलें. पण कांहीशा ताठ्यानेंच.

प्रथम कापडी टपाची मागची खिडकी सोडविली. ती कांच नसून लवचिक प्लास्टिकची असते; तिची चेन उघडून ती सपाट पसरली नाहीं तर घडीची सुरकुती कायमची पडते. मग टप मागें दुमडून ठेविला. रबरी पट्ट्या पुसून त्यांस सिलिकोनचें ग्रीस चोळलें, म्हणजे थंडींत त्यांस चिरा पडत नाहींत. नंतर आम्ही दोघांनीं दोन बाजूंस उभें राहून छप्पर उचललें आणि हळूहळू पुढच्या कांचेच्या चौकटीवर टेंकविलें. शेजारी गृहस्थ कुंपणाशीं उभे राहून सूचना देत होते. "घट्ट कांहीं करूं नका, आधीं सगळें बसूं द्या," हें ते दहादां तरी म्हणाले असतील.

पण आम्हांस कोठला धीर! आमच्या बाजूची खिट्टी सांपडतांच आम्हीं ती दाबून घट्ट लावून टाकली. पाहतों तों चिरंजीवांची बाजू बोटभर वर राहिलेली. त्यांनीं जोर केला, ती बसेना. आमच्या तोंडून निघून गेलें, "तुझीच बाजू वांकडी आहे." चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. कुंपणापलीकडून मात्र उत्तर आलें, "नाहीं साहेब, तुम्ही घाई केलीत." आम्हीं निमूटपणें खिट्टी सोडली. पुन्हां चारही कोपरे सैल बसविले. पुढच्या दोन कड्या नुसत्या अडकविल्या, बाजूच्या खिट्ट्या लावल्या, मागचे स्क्रू फिरविले आणि मग पाळीपाळीनें सर्व थोडें थोडें आवळीत नेलें. शेवटीं मागच्या कांचेवरील दंव घालविणारी तार जोडली. छप्पर असें बसलें कीं जणूं मोटार त्यासहच जन्मली होती.

दुपारीं सौभाग्यवती म्हणाली, "तुम्ही दोघे जा फिरून. मी उद्यां जाईन." तेव्हां आम्ही पितापुत्र अफिंग्टनच्या टेंकडीकडे निघालों. तेथें टेंकडीच्या उतारावर गवत काढून, खडू भरून कोरलेला एक पांढरा घोडा आहे. त्याची लांबी सुमारें ११० मीटर आणि वय अजमासें तीन हजार वर्षें. मोटारींत आंत अगदीं शांत होतें. हलकें बोललेलें ऐकूं येत होतें. बऱ्याच वेळानें आम्हीं विचारलें, "चार बैठकींची कां नाहीं घेतलीस?"

चिरंजीवांनीं रस्त्यावरची नजर काढली नाहीं. ते म्हणाले, "घ्यायला गेलों होतों, बाबा. पण तींत तीन बैठका रोज रिकाम्या दिसल्या असत्या. हींत एकच दिसते."

आम्हीं खिडकीबाहेर पाहूं लागलों. सहा वर्षांत त्यांनीं फोनवर कधीं तक्रार केली नव्हती, आणि ती नाहीं म्हणून सर्व ठीक आहे असें आम्ही धरून चाललों होतों.

टेंकडीवर वारा बेफाम होता. पायांखालीं घोडा असूनही तो पुरता दिसत नाहीं. एखादी पांढरी रेघ तेवढी दिसते. तो आपोआप टिकलेला नाहीं. कांहीं वर्षें लक्ष दिलें नाहीं तर गवत त्यास गिळून टाकील. म्हणून आजही माणसें तेथें जमतात, गुडघे टेंकून नवा खडू पसरतात आणि हातोड्यांनीं ठोकून बसवितात. आम्ही दोघे तेथें बराच वेळ उभे होतों. परत येतांना चिरंजीवांनीं पुष्कळ गोष्टी सांगितल्या. त्या त्यांच्या खाजगी असल्यामुळें येथें लिहीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवती त्याच मोटारींतून जाऊन आली. तिला काय सांगितलें तें तिनें आम्हांस सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं.

यंदा एप्रिलांत फोन आला कीं शेजाऱ्यांचा खांदा बरा झाला असून दोघांनीं मिळून टप उतरविला. आतां ऑक्टोबरांत तो पुन्हां चढवावयाचा आहे आणि त्यास दोन माणसें लागतात. तिकिटें काढावीं किंवा कसें, याचा आम्ही विचार करीत आहों. सौभाग्यवतीचें मत विचारण्याचें कारण उरलेलें नाहीं. तिनें मेतकुटाच्या डाळी भाजावयास घेतल्या आहेत.