एकादशीची गोळी



पेणकरपाडा या नांवावरूनच कळतें कीं, ही मूळची एक लहानशी वस्ती. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेंत मोडते. ही महानगरपालिका २००२ सालीं झाली. माझ्या बालपणीं येथें आमच्या घरीं एक वृद्ध डॉक्टर येत असत. आजोबांची नाडी पाहण्यापूर्वीं ते आईस विचारीत, "वहिनी, काल रात्रीं आजोबा काय जेवले?" हा प्रश्न मला निव्वळ शिष्टाचाराचा वाटे. त्याचा अर्थ कळावयास मला वर्धा जिल्ह्यांत जावें लागलें.

सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नायर यांनीं १९६९ सालीं, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलें. तेथें विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते, कांहीं दिवस तेथें मुक्काम करिते आणि प्रत्येकाकडे कांहीं कुटुंबें सोंपविलीं जातात. मलाही अशीं कुटुंबें मिळालीं. त्यांची विहीर, चूल, शेत व कर्ज ठाऊक झाल्यावांचून त्यांचे रोग समजत नाहींत, हा पहिला धडा. परंतु धडा वहींत लिहिणें निराळें आणि अंगीं बाणणें निराळें.

पुढें एका खेड्यांतील दवाखान्यांत मी उमेदवारी करीत होतों. सत्तरीच्या एका आजींना मधुमेह होता. मीं त्यांना रक्तांतील साखर उतरविणारी गोळी दिली व बजाविलें, "एकही दिवस चुकवूं नका." महिन्याभरांत साखर आटोक्यांत आली आणि मला थोडा अभिमानही वाटूं लागला.

एके दुपारीं त्यांचा नातू धांवत आला. जाऊन पाहतों तों आजी घामानें भिजलेल्या, हात कांपत आहेत, बोलणें असंबद्ध. अंगांत आलें आहे, असें शेजारणी म्हणत होत्या. रक्त तपासलें, साखर फारच उतरली होती. त्यांना अजून गिळतां येत होतें, म्हणून साखरेचें पाणी पाजलें. कांहीं वेळानें नजर स्थिर झाली. मीं विचारलें, "आजी, सकाळीं काय खाल्लें?"

"आज एकादशी हाय ना! पन गोयी चुकवू नोको म्हून तुमीनंच त सांगतलं व्हतं, बाबू."

आजींनीं माझा शब्द तंतोतंत पाळला होता. चूक माझी होती. त्या केव्हां जेवतात, उपास कोणते करितात, हें मीं विचारलेंच नव्हतें. पोटांत अन्न नसतांना तीच गोळी घातक ठरते. शिवाय तिचा अंमल लांबतो व साखर पुन्हां उतरूं शकते. म्हणून आम्हीं त्यांना तालुक्याच्या रुग्णालयांत नेलें. ती रात्र मीं त्यांच्या उशाशीं बसून काढली. पहाटे त्यांनीं चहा मागितला, तेव्हां माझ्या जिवांत जीव आला.

नंतर डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याचें कार्य वाचनांत आलें. त्यांनीं १९७० सालीं जामखेड येथें काम आरंभिलें आणि गांवोगांवच्या, बहुधा निरक्षर अशा, स्त्रियांना आरोग्याचें शिक्षण दिलें. १९७९ सालीं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या स्त्रियांचें सामर्थ्य कशांत होतें, हें मला आतां उमगलें. कोणाच्या घरीं आज चूल पेटली नाहीं, हें त्यांना न विचारतां ठाऊक असे. डॉक्टराला मात्र तें विचारावें लागतें.

आज मी पेणकरपाड्यांत रोगी तपासतों. शेतांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. पण कोणी एकादशी करितो, कोणी रोजा धरितो, कोणी ईस्टरपूर्वींचा उपवास पाळतो. औषध लिहिण्यापूर्वीं मी जेवणाची वेळ विचारतों, तेव्हां ते वृद्ध डॉक्टर आठवतात.

पालकांस एवढीच विनंति : डॉक्टरांनीं विचारलें नाहीं, तरी आपण आपला उपास त्यांना अवश्य सांगावा. आणि मुलांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें डॉक्टर झालाच, तर हा प्रश्न विसरूं नका.