सीझन तिकीट

मनुष्य ज्या ज्या वस्तूंचा स्वतःला मालक समजतो, त्यांत क्रीडांगणाच्या सीझन तिकिटाइतकी फसवी वस्तू क्वचितच दुसरी असेल. घर आपले म्हटले की त्यात पाहिजे तेव्हा शिरता येते, पाहिजे तेव्हा बाहेर पडता येते, आणि मनात आले तर ते मेहुण्याला चार दिवस राहावयास देता येते. सीझन तिकिटाने मिळणारी जागाही आपलीच म्हणवते. तिला क्रमांक असतो, रांग असते, आणि तिच्यावर दुसरा कोणी येऊन बसला तर त्याला उठविण्याचा अधिकारही आपल्याला असतो. परंतु या घरातून एकदा बाहेर पडले की पुन्हा आत येता येत नाही. येताना शिदोरी आणता येत नाही. आणि ते दुसऱ्याला वापरावयास देणे हा तर अपराध ठरतो. शिवाय या मालकीची मुदत ऊन, पाऊस आणि बावीस खेळाडू यांच्या लहरीवर अवलंबून! असल्या अटींवर कोणी आपल्याला घर देऊ केले, तर आपण त्याला नमस्कार करून वाटेला लागू. तिकिटासाठी मात्र आपण पहाटे उठून रांगेत उभे राहतो.

मी राहतो त्या यावलात हा विषय निघाला की लोकांना मोठी मौज वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या या गावाला हंगाम हा शब्द काही परका नाही. कापसाचा हंगाम लहान मुलालाही कळतो, आणि केळीच्या बागाईतदाराला तर वर्षाचे बाराही महिने हंगामच. पण हंगामाचे म्हणून तिकीट असते, ते काढून पाच दिवस एका खुर्चीवर बसून राहावयाचे असते, ही गोष्ट त्यांना पटवून देणे कठीण जाते. माझ्या शेजारच्या एका वृद्ध बागाईतदारांनी मला एकदा अगदी सरळपणे विचारले, "सर, ही पाच दिवस बसायची मजुरी ते तुम्हाला देतात, की तुम्ही त्यांना देता?" इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली, पण या प्रश्नाला उत्तर देण्याइतके भाषाप्रभुत्व अद्याप मला आलेले नाही.

त्यांचे तरी काय चुकले? आमच्याकडे जत्रेत बारा गाड्या ओढतात. माणसांनी भरलेल्या, एकीला एक जोडलेल्या त्या बारा गाड्या भगत पुढे होऊन ओढू लागला की सारे गाव लोटते. कुस्त्यांची दंगल असली की आखाड्याभोवती माणसांचे कडे पडते. तेथे तिकीट नाही आणि क्रमांकही नाही. जो आधी आला तो पुढे बसला. उशिरा आला तो कडुनिंबाच्या फांदीवर चढला. म्हातारा माणूस आला तर कोणीतरी सरकून त्याला जागा दिली. जागेचा कायदा तेथेही असतोच, पण तो कोणी छापलेला नसतो. तो माणसांच्या नजरेत असतो, आणि म्हणूनच प्रसंगी वाकतो. छापलेल्या कायद्याला वाकता येत नाही. हा त्याचा गुण, आणि हाच त्याचा दोष.

जागेच्या या प्रश्नाला मी क्षुल्लक समजत नाही. आपल्या क्रिकेटचा इतिहासच त्याने एकदोन वेळा वळविला आहे. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ साली उघडले. त्याच वर्षी तेथे भरलेल्या पंचरंगी सामन्यांतून हिंदूंचा संघ बाहेर पडला. आणि त्याचे कारण पंचांचा निर्णय नव्हे किंवा कर्णधाराची निवडही नव्हे, तर आपल्या वाट्याला आलेल्या आसनांची संख्या! पुढे १९७३ नंतर पुन्हा तेच घडले. ब्रेबोर्न ज्यांच्या मालकीचे, तो क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, आणि मुंबईच्या क्रिकेटची व्यवस्था पाहणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, यांचे तिकिटांच्या वाटणीवरून बिनसले. भांडण इतके विकोपाला गेले की शेषराव वानखेडे यांनी ब्रेबोर्नपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर दुसरे प्रचंड क्रीडांगण उभे करविले, आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजशी कसोटी सामना झालासुद्धा. एका शहरात, हाकेच्या अंतरावर दोन भव्य मैदाने का, असे परदेशी पाहुणा विचारतो, तेव्हा त्याला खरे उत्तर द्यावयाचे झाले तर ‘तिकिटे’ एवढा एकच शब्द पुरे. भाऊबंदकीत शेताच्या मधोमध बांध पडतो, त्यातलाच हा प्रकार. बांध काँक्रीटचा, एवढेच.

या दुसऱ्या मैदानाशी माझा संबंध आला तो माझ्या मामांमुळे. मामा गिरगावातल्या एका चाळीत राहत आणि एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहीत. कसोटी सामना आला की ते व त्यांचे तीन शेजारी मिळून एक सीझन तिकीट घेत. कसोटीच्या सर्व दिवसांच्या तिकिटाला आपल्याकडे सीझन तिकीटच म्हणत आले आहेत. ते एखाद्या लहानशा पुस्तिकेसारखे असे. एका दिवसाला एक पान, आणि दारावरचा माणूस ते पान फाडून घेई. चौघांनी पैसे भरावेत, चार दिवस चौघांनी वाटून घ्यावेत, आणि पाचवा दिवस पाहुण्यासाठी राखावा, असा त्या चाळीचा नियम होता. पाचवा दिवस पाहुण्याला देण्यात औदार्य किती आणि पाचव्या दिवशी खेळ उरेल की नाही याविषयीची शंका किती, याचा हिशेब मामांनी कधी मांडला नाही.

१९८८ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडचा संघ आला, त्या वेळी मी महाविद्यालयात शिकत होतो. यावलहून एस.टी.ने भुसावळ, तेथून रात्रीच्या गाडीने मुंबई, असा प्रवास करून मी मामांकडे गेलो. हॅडली आणि ब्रेसवेल या दोघांनी आपला दुसरा डाव गुंडाळला आणि आपण १३६ धावांनी हरलो. चाळीत त्या रात्री जेवणे उशिरा झाली. मी हिरमुसलेला पाहून मामा म्हणाले, "अरे, तिकीट पाच दिवसांचे असते, सुख किती दिवसांचे, ते त्याच्यावर छापत नाहीत." हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले होते. मी मात्र ते आजवर अनेक प्रसंगी, आणि मैदानाच्या बाहेरही, वापरले आहे.

आता त्या पुस्तिका गेल्या. तिकीट भ्रमणध्वनीवर येते, आणि दाराशी एक यंत्र त्यावरच्या रेघा वाचते. त्या चाळीतली चौघांची वाटणी आज कितपत जमेल, याची मला शंका आहे. तिकिटासोबतचे नियम मात्र वाढले आहेत. बाटली नको, डबा नको, पिशवी नको. एकदा बाहेर गेल्यास पुन्हा प्रवेश नाही. तिकीट हस्तांतरणीय नाही. पैसे परत मिळणार नाहीत. नकाराची एवढी सुंदर माला व्याकरणाच्या पुस्तकातही सापडणार नाही.

या नियमांपैकी पुन्हा प्रवेश नाही या एका नियमाने मला जे दाखविले, ते मी विसरू शकत नाही. मैदान कोणते ते सांगण्याचे कारण नाही. मामा तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते आणि मधुमेहामुळे त्यांना वेळेवर खावे लागे. घरून आणलेल्या दोन पोळ्या सकाळी दारावरच काढून घेतल्या गेल्या. आत विकावयास होते ते त्यांना चालणारे नव्हते. दुपारी त्यांना घाम फुटू लागला, तेव्हा मी त्यांना बाहेर नेऊन समोरच्या उपाहारगृहात काही खाऊ घातले. अर्ध्या तासाने परत आलो, तो दार आम्हाला बंद. मी तिकिटे दाखविली, कारण सांगितले, मामांच्या वयाकडे बोट दाखविले. दारावरचा तरुण नम्र होता. "साहेब, मी सोडलं तर माझी नोकरी जाईल," एवढेच तो म्हणाला. मामांनी माझा हात धरला आणि भिंतीकडेच्या सावलीत ते फूटपाथवर बसले. चहापानानंतरचा सारा खेळ आम्ही भिंतीपलीकडून ऐकला. गर्जना झाली की मामा सांगत, "चौकार." आवाज एकदम पडला की म्हणत, "गेला कोणीतरी." त्यांचे अंदाज बहुतेक बरोबर निघाले, हे मी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावरून ताडून पाहिले. तो त्यांचा शेवटचा सामना. पुढच्या वर्षी ते गेले.

रागाच्या भरात एखाद्या नियमाला मूर्खपणा म्हणणे सोपे असते. परंतु शिक्षकाच्या पेशाची एक खोड अशी की, नियम दिसला की त्याचे मूळ शोधावेसे वाटते. आणि या नियमांच्या मुळाशी रक्तही आहे. १ जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीचा दुसरा दिवस होता. जागांहून अधिक माणसे मैदानात आली होती. तिकीट हाती असून बसावयास जागा नाही, असे लोक सीमारेषेपर्यंत लोटले. लाठ्या चालल्या, आगी लागल्या, आणि त्या दिवशी एक चेंडूदेखील टाकला गेला नाही. पुढे १९६९ च्या डिसेंबरात, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याच्या वेळी, त्याच मैदानाबाहेर तिकिटांसाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सहा माणसे मेली. एका तिकिटावर दोघे शिरू नयेत म्हणून दाराने कठोर व्हावे, हे मला कळते. तो दारावरचा तरुण माझ्या मामांचा शत्रू नव्हता. आतले त्याचे सोबती तर दिवसभर खेळाकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून उभे असतात. पैसे देऊन खेळ पाहणाऱ्याची तक्रार मोठी, की पगार घेऊन खेळ न पाहणाऱ्याची, याचाही विचार व्हावा.

मला न कळणारी गोष्ट दुसरीच आहे. दाराशी एवढी काटेकोर असणारी व्यवस्था, दाराच्या पलीकडे जागा वाटताना कोणत्या कसोटीने चालते? २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आसने सुमारे ३३,०००. त्यांतली सर्वसामान्य माणसाला विकत मिळण्याजोगी केवळ ४,००० च्या आसपास. उरलेली संलग्न क्लब, सभासद, पुरस्कर्ते आणि अधिकारी यांच्यात आधीच वाटली गेलेली. जागा मुळात दुर्मीळ झाली की तिकिटाचा काळाबाजार होतो; काळाबाजार झाला की अविश्वास वाढतो; आणि अविश्वास वाढला की एका म्हाताऱ्याच्या पोळ्याही संशयित ठरतात.

अमेरिकेत ग्रीन बे म्हणून एक गाव आहे. वस्ती सुमारे एक लाख. तेथल्या फुटबॉल संघाची सीझन तिकिटे १९६० पासून पूर्ण विकली गेलेली असतात, आणि प्रतीक्षा करणाऱ्यांच्या यादीतली नावे गावच्या लोकसंख्येहून अधिक आहेत. आईबाप तान्ह्या मुलाचे नाव त्या यादीत घालतात, आणि तिकीट वारसाहक्काने घराण्यात चालते. आमच्याकडे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ भांडतात, तसे तेथे या तिकिटावरून भांडत असतील, असे मनात येते. पण त्या संघाला कोणी एक धनी नाही. हजारो भागधारक त्याचे मालक आहेत. रांग लांब असली तरी ती आपलीच आहे असे वाटले, म्हणजे माणूस पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो.

मग असले तिकीट घ्यावेच कशाला? २०२४ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर न्यूझीलंडचाच संघ होता. १९८८ च्या त्या विजयानंतर भारतात त्याला कसोटी जिंकावयास २०२४ चा ऑक्टोबर आणि बंगळूर उजाडावे लागले होते. आता तो मुंबईत तिसरा सामना खेळत होता. आपल्याला जिंकावयास १४७ धावा हव्या होत्या, १२१ झाल्या. तिसऱ्याच दिवशी, भाऊबीजेच्या रविवारी, सामना संपला आणि मायदेशी तीन सामन्यांची मालिका तिन्ही सामने गमावून हरण्याचा प्रसंग भारतावर प्रथमच आला. माझ्या मामेभावाने पाचही दिवसांचे पैसे भरले होते. संध्याकाळी त्याने मला दूरध्वनी केला आणि विचारले, "दादा, उरलेल्या दोन दिवसांचे काय करू?" मी त्याला त्याच्या वडिलांचे वाक्य ऐकविले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या बहिणीकडे जातो. भाऊबीज राहिली आहे."

मला वाटते, सीझन तिकिटाने आपण विजय विकत घेत नाही, खेळही विकत घेत नाही. आपण घेतो तो हजर राहण्याचा वायदा. नुसता उत्तम क्षण ज्याला पाहावयाचा आहे, त्याने घरी बसून तो पडद्यावर पाहावा. तेथे तो दहा वेळा दाखवितात. तिकीटवाला कंटाळवाणी दुपारही आपली मानतो. असा जो प्रेक्षक आपले दिवस आगाऊ देऊन मोकळा होतो, त्याला त्याच्या बदल्यात दोन गोष्टी मिळाव्यात, एवढेच माझे मागणे आहे. एक, घरातल्या माणसांनी दिवस आपसांत वाटून घेण्याची मोकळीक. दुसरी, वृद्ध व आजारी यांना बाहेर जाऊन परत येण्याची मुभा. जे यंत्र आत येणाऱ्याची नोंद ठेवते, ते बाहेर जाणाऱ्याचीही ठेवू शकेल. त्यासाठी नवे मैदान बांधावे लागणार नाही. जत्रेतल्या आखाड्याभोवती जी गोष्ट एक सरकलेला माणूस करतो, तीच करण्यास या यंत्राला शिकवावयाचे आहे.