धुळीची खतावणी

धूळ ही मोठी समदर्शी वस्तू आहे. बंगल्यात आणि झोपडीत ती सारख्याच हक्काने जाऊन बसते. भाषेचीही तिला फारशी अडचण नसते. मराठीत ती धूळ, कन्नडमध्ये ‘धूळु’ आणि गुजरातीत पुन्हा धूळच! लाकडाच्या भुशाला मात्र तिन्ही भाषांनी निरनिराळी नावे ठेवली आहेत. आपण भुसा म्हणतो, आमच्या वर्गातले कन्नड मित्र ‘मरद पुडी’ म्हणतात आणि सुरतेत त्याला ‘वहेर’ म्हणतात. हा तिसरा शब्द मी गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांच्या घरी शिकलो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भुशावर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु भुसा हा शेवटी हिशेबाचाच विषय आहे, असे माझे मत त्या सुट्टीत झाले आणि ते अजून बदललेले नाही.

माझे मामा मूळचे खानापूर तालुक्यातले. ऐन तारुण्यात ते फर्निचरच्या कामावर सुरतेला गेले आणि तिथलेच झाले. उधना भागात त्यांचे घर आहे. यंत्रमागांच्या ओढीने खानदेशातून आलेली मराठी माणसे त्या बाजूला इतकी आहेत की, भाजी घेताना गुजराती बोलावी की अहिराणी, असा प्रश्न पडावा. महानगरपालिकेच्या मराठी शाळाही तिथे आहेत. माझा मामेभाऊ अशाच एका शाळेत शिकला. घराच्या तळमजल्यावर दहा फूट बाय अठरा फुटांची एक खोली आहे. तोच मामांचा कारखाना. तिथे ते सागवानी देव्हारे करतात. एक गोल करवत, एक रंधा मारण्याचे यंत्र, घासकामाचे सँडर आणि कोपऱ्यात धूळ ओढणारे यंत्र, एवढा सगळा संसार त्या खोलीत आहे.

सुरत आणि सुतारकाम यांचे नाते जुने आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी जहाजबांधणी कारागीर १७३६ मध्ये मुंबईत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने सागवानाची नामांकित जहाजे बांधली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले त्यांचे ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. लाकूड, हाड, शिंग यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून त्यांचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते पेट्यांवर जडवायचे, ही ‘सादेली’ कलाही सुरतेचीच. पण त्या काळच्या सुतारांचा कचरा वेगळा होता. वाकसाने ढलपी निघते, रंध्याने छिलका निघतो. तो पायाखाली पडतो, झाडूने गोळा होतो आणि चुलीत जातो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या यंत्राने मात्र ढलपीची पूड केली आणि पुडीची हवा केली. हत्यार बदलले तशी धुळीची जातही बदलली. पण आपली झाडू तीच राहिली.

मामांकडचे यंत्र साधे होते. मोटारीवरचा पंखा नळीतून धूळ खेचतो आणि उभ्या कापडी पिशवीत ढकलतो. जड भुसा खालच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात पडतो, हवा वरच्या कापडातून बाहेर येते. कापड हीच गाळणी. यंत्र आणल्यापासून मामा निश्चिंत होते. पोते भरले की रिकामे करायचे, एवढीच त्याची सेवा. कापडाला हात लावायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. “यंत्र आहे ना, मग कसली धूळ?” असे ते म्हणत. आणि सकाळी उठल्यावर दहा-दहा मिनिटे खोकत. मामी म्हणत, “अहो, एकदा तपासून घ्या.” मामांचे उत्तर ठरलेले असे, “सुरतेची हवाच दमट आहे.”

एका रात्री वीज गेली. ती परत आल्यावर मामांनी अर्धवट राहिलेले घासकाम सुरू केले. खोलीतला दिवा लागला नव्हता, म्हणून मी बॅटरी धरून उभा होतो. प्रकाशाचा झोत सहज पिशवीवर गेला आणि मी पाहतच राहिलो. पिशवीच्या अंगातून धुराचे लोट यावेत तशी पांढुरकी धूळ बाहेर पडत होती. “काय बघालास येवढं?” मामांनी विचारले. मी बॅटरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि यंत्र बंद केले. त्या रात्री त्यांनी पुढे काम केले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी या विषयाचा अभ्यास आरंभला. पहिली गोष्ट समजली ती अशी की, डोळ्यांना दिसणारा भुसा हा आपला शत्रू नव्हेच. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. छातीत खोलवर जाणारे कण चार-पाच मायक्रॉनहून लहान असतात. अगदी स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण माणसाच्या छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला सुमारे आठ मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास! म्हणजे मामा रात्री जी धूळ उडवत, तिचाच काही भाग सकाळी पुन्हा त्यांच्या श्वासात जात असे. आणि मामांची पिशवी होती ३० मायक्रॉनची. ती भुसा अडवत होती आणि विष सोडत होती.

विष हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. इंग्लंडात हाय विकम हे खुर्च्या-टेबलांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक अत्यंत विरळा कर्करोग वारंवार आढळतो, हे १९६०च्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून नोंदवली. सागाच्या धुळीने अंगाला खाज सुटते, पुरळ उठते, हे तर आपल्याकडच्या कोणत्याही सुताराला ठाऊक असते. शिवाय बारीक कोरडी धूळ हवेत पसरली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१२ मध्ये जानेवारी आणि एप्रिल अशा दोन महिन्यांत दोन लाकूड गिरण्या अशाच उडाल्या आणि प्रत्येक ठिकाणी दोन कामगार मरण पावले.

मग दाट कापडाची, १ मायक्रॉनची पिशवी मागवावयाची ठरली. येथे घरात अर्थशास्त्राचा वाद उभा राहिला. पिशवीची किंमत म्हणजे एका लहान देव्हाऱ्याची कमाई. मामा म्हणाले, “हा खर्च कशात धरायचा?” मी पुस्तकी उत्तर दिले, “घसाऱ्यात धरा.” त्यावर मामी जे बोलल्या ते आमच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. त्या म्हणाल्या, “यंत्राचा घसारा लिहिता, मग माणसाचा कोण लिहिणार?” वाद तिथेच संपला.

जमाखर्चाचा पहिला नियम आपण अकरावीत शिकतो. जे एकीकडे जमा होते ते दुसरीकडे नावे पडतेच. धुळीलाही हा नियम तंतोतंत लागू आहे. लाकडातून निघालेली धूळ नाहीशी होत नाही. पिंपात, पिशवीत, जमिनीवर किंवा छातीत, अशी चारच खाती आहेत. पहिल्या दोन खात्यांत जे पडत नाही ते उरलेल्या दोघांच्या नावे लागते.

परंतु चांगली गाळणी आणली म्हणजे काम संपत नाही, उलट वाढते. कापड जितके दाट तितके ते लवकर तुंबते. तुंबले की हवेचा प्रवाह मंदावतो, यंत्राची ओढ कमी होते आणि धूळ नळीत जाण्याऐवजी खोलीत उडते. पंखा मात्र पूर्वीसारखाच गरजत राहतो, त्यामुळे कानाला फसवणूक कळत नाही. म्हणून पिशवीच्या आधी आम्ही एक शंकूसारखे भांडे बसवले. त्यात हवा गोल फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खालच्या पिंपात पडतात आणि फक्त बारीक धूळ पुढे जाते. लाकूड गिरणीवरचे असलेच भांडे पाहून जेम्स डायसन या इंग्रज अभियंत्याला पिशवीविना चालणाऱ्या झाडणयंत्राची कल्पना सुचली आणि त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने बनवले! आमचा एकच नमुना चालला, हे आमचे भाग्य. एक पथ्य मात्र आहे. पिंप दोनतृतीयांश भरले की रिकामे केलेच पाहिजे. नाहीतर सारा भुसा सरळ पिशवीकडे धावतो.

पिशवी केव्हा झाडावी हा खरा प्रश्न होता. रोज झाडली तर उत्तम, असे मला वाटत होते. पण वाचताना गंमत कळली. कापडावर धुळीचा एक पातळ थर बसला की तो थरच गाळणीचे काम करू लागतो. अगदी कोरे कापड थोडी धूळ सोडते. थोडे मुरलेले कापड अधिक चांगले गाळते. म्हणजे अतिस्वच्छताही वाईट आणि आळसही वाईट. मधली वेळ साधावयाची तर मोजमाप हवे.

ते मोजमाप करणारे साधन दहावीच्या प्रयोगशाळेतले निघाले. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून फळीवर ठोकली. निम्म्यापर्यंत निळी शाई घातलेले पाणी भरले. एक तोंड पंखा आणि पिशवी यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून जोडले, दुसरे मोकळे ठेवले. पंखा सुरू केला की दोन बाजूंच्या पाण्यात अंतर पडते. पिशवी झाडलेली असताना ते २५ मिलिमीटर भरले. काम होत गेले तसे ते ४० झाले, ५० झाले. ६० झाले की झाडायचे, असा आम्ही कायदा केला. अट एकच : वाचन घेताना दर वेळी तीच एक नळी उघडी असली पाहिजे, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. मी एक वही आखून दिली. तारीख, कामाचे तास, वाचन, शेरा.

झाडण्याचीही रीत आहे. यंत्राचा प्लग काढायचा, धूळ खाली बसू द्यायची, नाकावर एन-९५ मुखपट्टी बांधून पिशवी बाहेर अंगणात न्यायची. गोधडीसारखी काठीने बडवायची नाही. धागे सैल होतात. हलक्या हाताने झटकायची किंवा बाहेरच्या बाजूने आत मंद हवा मारायची, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. धुण्याजोगी असेल तरच धुवायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय चढवायची नाही. सुरतेच्या पावसाळ्यात वाळायला दोन दिवसही पुरत नाहीत, म्हणून मामांनी दुसरी पिशवी घेऊन ठेवली.

महिनाभराने वहीत एक चमत्कार दिसला. ५० वरचे वाचन एका दिवसात १२ वर आले. मामा खूश झाले. पण एका महिन्यात खर्च अचानक निम्म्याहून कमी दिसला तर हिशेबतपासनीसाला आनंद व्हायचा नसतो, संशय यायचा असतो. आम्ही तपासले तर पिशवीचा पट्टा सैल होऊन एका बाजूने धूळ सरळ बाहेर जात होती. चांगली बातमीदेखील तपासून घ्यावी, हे मला त्या निळ्या पाण्याने शिकवले.

सुरत शहराची कथा तरी याहून वेगळी कुठे आहे? १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने लाखो लोक हे शहर सोडून गेले होते. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी रोजच्या सफाईची शिस्त लावली, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला पहिला क्रमांक मिळाला. स्वच्छता हा सणाचा विषय नसून वेळापत्रकाचा आहे, एवढेच त्यातले रहस्य.

मामांचा खोकला पूर्ण गेला, असे लिहायला मला आवडले असते. तो गेलेला नाही. डॉक्टरांनी फुंकण्याची चाचणी घेतली आणि सांगितले की, इतक्या वर्षांत झालेले नुकसान भरून येत नसते, पुढचे टाळता येते. मामांनी ते शांतपणे ऐकले. खरा प्रश्न मामेभावाचा होता. त्याला शिक्षणाबरोबर कारखान्यात हात घालायचा होता आणि मामींचा त्याला विरोध होता. शेवटी मामांनीच निर्णय दिला. आधी दोन महिने त्याने वही लिहायची, पिशवी झाडायची, पिंप रिकामे करायचे. करवतीला हात त्यानंतर. मुलगा कुरकुरला, पण बसला.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकजण उद्या बँकांत, कचेऱ्यांत, दुकानांत जाऊन बसतील. तिथे लाकडाचा भुसा नसेल. पण गाजावाजा करीत चालणारी आणि आतून तुंबलेली यंत्रे तिथेही असतील. त्यांचा आवाज ऐकून समाधान मानायचे नाही, वाचन घ्यायचे. परवा मामेभावाचा फोन आला होता. करवतीबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. “दादा, आज ५८ आहे. उद्या झाडतो,” एवढेच त्याने सांगितले.