आत्याची गोळी

दुखणे म्हटले की ते दिसले पाहिजे, असा आमच्या घराण्याचा दंडक आहे. ताप असेल तर अंग भाजले पाहिजे, खोकला असेल तर शेजाऱ्याची झोप मोडली पाहिजे. आणि नेमके आमच्या पोलादपूरच्या आत्याच्या वाट्याला असे दुखणे आले की, जे आता तिला दिसत नाही आणि आम्हालाही दिसत नाही!

चार वर्षांपूर्वी तिची डावी कूस जड वाटू लागली. दोन घास खाल्ले की पोट भरे. महाडला रक्त तपासले, तो पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. तेथून परळचे टाटा रुग्णालय. निदान झाले : रक्ताचा जुनाट कर्करोग, सीएमएल. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. डॉक्टरांनी मात्र हाती ठेवली रोजची एक गोळी!

एवढ्याशा गोळीवर विश्वास बसेना, म्हणून मी वाचत सुटलो. या रोगात पेशीतल्या 9व्या आणि 22व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातले आखूड झालेले गुणसूत्र 1960 साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना दिसले. अदलाबदलीचे कोडे 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी उलगडले. दोन जनुके चुकून एकत्र शिवली जातात आणि ते जोडजनुक पेशीला ‘वाढ, वाढ’ असा अखंड हुकूम सोडते. इमॅटिनिबची गोळी त्या हुकमाचेच तोंड बांधते. अमेरिकेत तिला 2001 साली मान्यता मिळाली. आपल्याकडे नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला, म्हणून स्वस्त देशी गोळी आमच्यासारख्यांच्या आवाक्यात राहिली.

“पण माझ्या अंगातले शिपाई झोपले होते का रे?” आत्याने विचारले. प्रश्न बिनतोड होता. शरीराचे शिपाई शत्रूला ओळखतात ते त्याच्या अंगावरच्या खुणेवरून. तिला प्रतिजन म्हणतात. कर्करोगाची पेशी पडली घरातलीच, तिला ओळखणार कसे? तरी कधीकधी तिचेही बिंग फुटते. निरोगी रक्तपेशींत बहुधा गप्प असणारी काही जनुके रोगट पेशींत बोलू लागतात. एकाचे नाव डब्ल्यूटी-1, आणि दुसऱ्याचे, इंग्रजी आद्याक्षरे जुळवून, चक्क ‘प्रेम’!

“नाव बरे शोधले मेल्यांनी,” आत्या म्हणाली.

अशा खुणा शिपायांना शिकवता येतील का, याचा शोध चालू आहे. रक्ताच्या काही वेगळ्या कर्करोगांत ते साधलेही आहे. रुग्णाच्याच टी-पेशींना ‘सीडी-19’ ही खूण ओळखायला लावणारा नेक्सकार-19 हा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालय यांनी घडवला. त्याला 2023 मध्ये मान्यता मिळाली. आत्याच्या रोगाला मात्र तो लागू नाही. तिची भिस्त गोळीवरच.

आणि यंदा गणपतीत तिने जाहीर केले, “गोळी बंद! डोळे सुजतात, पोटऱ्यांत वांब येतात. आणि अंगात तर आता काही उरले नाही.”

मी म्हणालो, “आत्या, 22 जुलै 2021 ला सावित्री महाडात शिरली. पाणी ओसरले म्हणून आम्ही नदीकडे पाठ फिरवली का? अजून पावसाळ्यात रात्री उठून पाणी बघतोच ना? परळला दर तीन महिन्यांनी तुझे रक्त घेतात, ते हेच बघायला. ते जोडजनुक अजून किती बोलते आहे, ते मोजतात. 0.1 टक्क्याच्या खाली असले की उत्तम. तुझे 0.04 आहे.”

“म्हणजे शून्य नव्हे?”

“शून्य नव्हे. वर्षानुवर्षे जवळजवळ शून्य राहिले, तर काहींची गोळी डॉक्टर थांबवतात. पण तेही डोळ्यांत तेल घालून. आपल्या मनाने नाही. सूज आणि वांब आलेत, तेही त्यांनाच सांगू.”

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग स्वयंपाकघराकडे वळून सुनेला हाक मारली, “अगं, माझे पान वाढ. जेवल्यावरच घ्यायची असते ना ती!”