दहा मार्चच्या सावित्रीबाई

कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदी फुलते ती ज्ञानोबांच्या समाधी सोहळ्यासाठी. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूला वारकरी लोटतात ते तुकोबांच्या बीजेला. संतांच्या निरोपाचा दिवस वारकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जिवापाड जपला. मला या रीतीत मोठं शहाणपण दिसतं. जन्मताना माणसाच्या हातून काहीच घडलेलं नसतं. तो कशासाठी जगला, हे अखेरीलाच उमगतं.

सावित्रीबाई फुल्यांच्या बाबतीत हे मला फार जाणवतं. त्यांची जयंती, 3 जानेवारी, शाळाशाळांतून साजरी होते. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या चिमुरड्या खड्या आवाजात भाषणं करतात. 1831 सालचा नायगावचा जन्म, 1848 ची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर झेललेला शेणचिखल हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. ऐकताना ऊर भरून येतो. पण बहुतेक भाषणं तिथेच संपतात, आणि सावित्रीबाईंचं काम तर त्यानंतर जवळजवळ अर्धशतक चाललं होतं. 1876-77 च्या दुष्काळात त्या उपाशी माणसांसाठी झटल्या. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं हाती धरून त्या स्वतः पुढे चालल्या.

मग प्लेग आला. 1896 साली मुंबईत फुटलेली साथ पुण्यात पोचली आणि लोक घरंदारं सोडून पळू लागले. काखेत गाठ आलेल्या माणसाजवळ जायला सख्खेही कचरत होते. सावित्रीबाईंनी पासष्टी ओलांडली होती. घरात बसून राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी डॉक्टर असलेल्या दत्तक मुलाला, यशवंताला, बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उभा राहिला. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक मुलगा तापाने फणफणला होता. त्याला त्यांनी पाठीवर घेतलं आणि चालत दवाखान्यात आणलं. विटाळाची भीती आणि लागणीची भीती, त्या काळाची ही दोन्ही भयं त्या म्हातारपणी एकाच वेळी पाठीवर घेऊन चालल्या. त्यातूनच त्यांना प्लेग झाला. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

भिडेवाड्यातली शिक्षिका आणि मळ्याच्या वाटेवरची ही म्हातारी यांत मला अंतर दिसत नाही. ज्याला जगाने दूर लोटलं त्याला जवळ घ्यायचं, हा एकच धडा त्यांनी आयुष्यभर गिरवला.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. 10 मार्च ऐन परीक्षांच्या धामधुमीत येतो, तरी त्या दिवशी तसबिरीला हार घालून थांबू नका. दहा मिनिटं काढा आणि मुलांना मुंढव्याच्या त्या मुलाची गोष्ट सांगा.