दुतोंडी बडग्या

नागपुरात महागाईला हातपाय असतात. पोट सुटलेलं असतं, गळ्यात कांद्याची नाहीतर टोमॅटोची माळ असते, काखेत पुठ्ठ्याचा लाल सिलिंडर असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावरून फिरते, लोक तिला पोटभर शिव्या घालतात आणि शेवटी जाळून टाकतात. बांबू, तणस, जुने कपडे आणि रद्दीतून उभ्या राहिलेल्या या पुतळ्याला बडग्या म्हणतात.

मी पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीचा. आमच्याकडं बैलांचा सण म्हणजे बेंदूर. तो आषाढात होतो. नोकरीसाठी नागपुरात आलो तेव्हा कळलं, इथं पोळा झाला तरी सण संपत नाही. दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल घेऊन तान्ह्या पोळ्याला निघतात आणि त्याच दिवशी मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांच्या घराण्यातली बांकाबाई, असं सांगतात. पिवळीची लोक पूजा करतात, नवस बोलतात. गावातली रोगराई, इडापिडा सगळी या दोघींच्या पदरात घालून त्यांना हद्दीबाहेर घालवायचं, अशी ही रीत आहे.

मारबती ठरलेल्या, पण बडग्या दरवर्षी नवा. तो कुणाचा करायचा हे वस्तीतलं मंडळ ठरवतं. भ्रष्टाचार, खड्डे, एखादा पुढारी, जे त्या वर्षी सलत असेल ते. महागाईचा नंबर मात्र बहुतेक दरवर्षी लागतोच.

मला हा प्रकार पहिल्याच वर्षी आवडला, त्याला कारण होतं. शहरात पैशाची ओढाताण प्रत्येकजण एकटा, गुपचूप सोसतो. महागाई वाढली हे मला बातम्यांतून कळत नाही, मेसच्या वरणातून कळतं. ते आधी पातळ होतं. मग ताटातली कोशिंबीर जाते, कांद्याच्या जागी कोबी येतो. मग एक दिवस काकू नजर चुकवत म्हणतात, पुढच्या महिन्यापासून दोनशे वाढवावे लागतील. त्या लाजतात, आपणही लाजतो. वर्षातला एक दिवस हीच गोष्ट बारा फुटांची होऊन भर चौकात उभी राहते आणि तिला बघून अनोळखी माणसं एकत्र हसतात. आपली तंगी आपल्या एकट्याचा नालायकपणा नाही, एवढं कळायलाही बरं वाटतं.

पण मी कोडोलीचा, ही अडचण होतीच. आमचं घर ऊस आणि दोन म्हशींवर चालतं. वारणानगरचा साखर कारखाना आमच्या शेजारी. आमच्याकडं दिवाळीच्या आधी चर्चा एकच, यंदा उसाला दर किती. दर वाढावा म्हणून माणसं जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला जातात, रस्ते अडवतात. एकदा आईचा फोन आला, "दुधाला दर वाढला बघ. बरं झालं." त्याच आठवड्यात रूमवर दुधाची पिशवी महागली म्हणून आमचं भांडण झालं होतं, चहा दिवसातून कितीदा करायचा यावरून. आईला मी फक्त "व्हय, बरं झालं" म्हणालो.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी गाव देवाला नारळ फोडतं, तिचाच इथं बडग्या होतो.

हे सगळं २०२३ साली नीट समोर आलं. त्या जुलैत टोमॅटो अनेक शहरांत किलोला दीडशेच्या वर गेला होता. आमच्या गल्लीतल्या पोरांनी लगेच ठरवलं, यंदा टोमॅटोचा बडग्या. पण त्या वर्षी अधिक श्रावण होता, पोळा थेट १४ सप्टेंबरला आला. तोवर टोमॅटो कोसळला. शेतकरी क्रेट रस्त्याकडेला ओतत होते. कांद्याचा दर वाढू नये म्हणून केंद्रानं ऑगस्टमध्येच निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं होतं आणि तिकडं नाशिक जिल्ह्यातले कांदा उत्पादक चिडले होते. इकडं बडग्याचा सांगाडा तयार, तणस भरून झालेलं, आणि विषयच शिळा झाला.

"आता काऊन जाळाचा याले? टमाटर तं दहा रुपये झाला," एकजण म्हणाला.

मी म्हणालो, पाठीमागं दुसरं तोंड लावू. पुढचं तोंड जुलैचं, लालबुंद, गाल फुगलेलं, हातात पाकीट. मागचं सप्टेंबरचं, गाल बसलेलं, हातात रिकामं क्रेट. अंग एकच. पोरांना गंमत वाटली. मागच्या तोंडाला रंग पुरला नाही, म्हणून ते मातकट राहिलं. तेच जास्त बरं दिसलं.

मिरवणुकीत पुढच्या बाजूला भरपूर हशा मिळाला, फोटो निघाले. मागून येणारे लोक मात्र जरा गोंधळायचे, पाटी वाचायचे, मग काहीजण हसायचे आणि काही नुसतेच मान हलवायचे.

जाळायच्या वेळी वाद झाला. काडी लावणारा थांबला आणि म्हणाला, "मागचा तं शेतकरी हाये नं भाऊ. त्याले कसा जाळाचा?"

मला उत्तर सुचलं नाही. उत्तर दिलं काटोलकडच्या एका पोरानं. त्याच्या घरी संत्र्याची बाग आहे. इतका वेळ तो गप्प बसून सुतळ्या सोडत होता.

"शेतकरी नाही जाळत आपण," तो म्हणाला. "त्याले भेटलेला भाव जाळतो. तोच आधी जाळ."

त्यानं स्वतःच काडी ओढली आणि मागच्या बाजूनं लावली. तणस वाळलेलं होतं. पुढचं तोंड पेटायला काही फार वेळ लागला नाही.