चेसिस कंपनीची, गाडी आबांची

जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करणाऱ्यांना एक सोय असते. कंपनीचं पुस्तक उघडायचं, रंगाचा नंबर बघायचा, सीटचं कापड जुळवायचं आणि गाडी शोरूममधून बाहेर पडली त्या दिवसापर्यंत मागे जायचं. ट्रकला असा दिवसच नसतो. आमच्या घरातले वडीलधारे आबा, त्यांच्या पिढीत कारखान्यातून बहुतेक नुसती चेसिस बाहेर पडायची. लोखंडी सांगाडा, इंजिन, चाकं, बॉनेट आणि डॅशबोर्ड, एवढंच. केबिन नाही, हौदा नाही. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं बांधून, ऊन-पाऊस अंगावर घेत ती चेसिस शेकडो मैल चालवत आणायचे. पुढचं सगळं गावातले सुतार, लोहार आणि पेंटर करायचे. मग अशा गाडीचं मूळ रूप म्हणायचं कशाला?

माझं डिझेल इंजिनचं वर्कशॉप आहे, कोल्हापुरात उद्यमनगरला. दुसऱ्यांची इंजिनं उघडण्यात माझा जन्म गेला. आबांच्या माघारी त्यांची गाडी माझ्याकडे आली, तेव्हा हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या दारात येऊन उभा राहिला.

गाडी टाटा-मर्सिडीज-बेंझ ३१२. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरला हे ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये करार संपला, तशी पुढच्या जाळीवरची तीन टोकांची चांदणी गेली आणि टाटांचा ‘टी’ आला. आमची गाडी चांदणीच्या काळातली. आबांनी ती सेकंडहँड घेतली आणि पुढची सारी हयात तिच्यावर काढली. इथून गुळाचे रवे भरून मुंबईला, गुजरातला जायचं आणि येताना सिमेंट, मीठ, कापडाचे गठ्ठे, जे भाडं मिळेल ते आणायचं. वाटेत खंबाटकी, कात्रज, खंडाळा. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. आबांचे खांदे बघितले की तो घाट कळायचा.

कामाला हात घातला तो चेसिसपासून. ट्रकची चेसिस रिव्हेटने जोडलेली असते, कारण भरलेली गाडी खड्ड्यातून जाताना सांगाडा पिळतो आणि त्याला तसं पिळू द्यावं लागतं. वेल्डिंगने जखडला तर तो वेल्डशेजारी तडकतो. सैल रिव्हेट ओळखायचा कसा? त्याच्या डोक्याभोवती गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसते. डोक्यावर बोट ठेवून पलीकडून हातोडीचा हलका ठोका मारला की बोटाला हालचाल कळते, आणि आवाजही खणखणीत न येता बद्द येतो. आमच्या गाडीचे मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळचे रिव्हेट असे बोलत होते. ते काढले, भोकं साफ केली आणि नवे रिव्हेट लाल करून बसवून घेतले. बोल्ट मारून काम भागलं असतं, आणि बरेच जण तेच करतात. मला ते पटत नाही.

इंजिनाच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही, आबांचंही ऐकलं नसतं. तिथे माया चालत नाही, माप चालतं. सहा सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक, मिळून साडेचार लिटरच्या थोडं वर. इंजिन प्री-चेंबरचं. म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर न जाता हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून इंजिन थंड असताना आधी हीटर प्लग तापवायचे आणि मगच स्टार्टर मारायचा. पुढच्या टाटा इंजिनांत डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात जाऊ लागलं आणि हीटरचं काम संपलं. त्यामुळे आजचे चांगले चांगले मिस्त्रीसुद्धा हे जुनं हेड हाती घ्यायला बिचकतात. त्याचे पार्टही सहजी मिळत नाहीत. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात चिकाटीने फिरावं लागतं.

या सगळ्यात मला सर्वांत प्रिय काम म्हणजे पंपाचं टायमिंग. पंपाच्या पहिल्या एलिमेंटवरचा पाइप सोडवायचा, आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग काढायची, होल्डर परत बसवायचा आणि त्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकवलेली एक नळी चढवायची. रॅक फुलवर ठेवायचा. वरून डिझेल सोडलं की नळीच्या टोकातून धार लागते. आता पहिला पिस्टन कॉम्प्रेशनला वर येत असताना क्रँक हाताने, अगदी दमाने फिरवायचा. धार बारीक होते. मग तुटते. थेंब पडू लागतात आणि दोन थेंबांमधलं अंतर वाढत जातं. थेंब जिथे थांबला तिथे पंपाने डिझेल दाबायला सुरुवात केली, असं समजायचं. त्याच जागी टायमिंगची खूण काट्याला जुळली पाहिजे. नाही जुळली तर पंप केसभर फिरवायचा आणि सगळं पहिल्यापासून. आज हे काम सेन्सर करतो आणि उत्तम करतो. पण डिझेल इंजिन कसं चालतं हे एखाद्या पोराला शिकवायचं असेल, तर त्याला या नळीपुढे उभं करावं. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं आधी तो थेंब बघतात, लॅपटॉप त्यानंतर.

बॉडीपाशी मात्र मापाचं राज्य संपलं आणि निर्णय घ्यायची पाळी आली.

हौद्याच्या तळाला किंजळीच्या फळ्या. वर्षानुवर्षं गुळाच्या रव्यांखाली राहून त्या काळ्या कुळकुळीत झालेल्या. उन्हाळ्यात रवे पाझरायचे आणि पाक फळ्यांच्या सांध्यांत उतरायचा. अजूनही उन्हात हौदा तापला की तो वास येतो. आमचे सुतार मूळचे बैलगाड्या करणाऱ्या घरातले, हाताला फार स्वच्छ. ते म्हणाले, “रंधा मारतो की, आतनं नवं लाकूड निघंल बघा.” मी म्हटलं, “मामा, हात लावू नका. कुजलेल्या तेवढ्याच बदला.” त्यांना ते आवडलं नाही. सुताराला जुनं लाकूड तसंच ठेवायला सांगणं म्हणजे त्याचा हात बांधण्यासारखं आहे, हे मला कळत होतं. तरी मी हट्ट सोडला नाही, कारण त्या फळ्यांवरचा काळा थर हाच आबांचा धंदा होता.

पाट्यांचंही तसंच. आबांनी मागच्या कमानीत कंपनीच्या हिशेबाबाहेरचा एक पाटा वाढवून घेतला होता. आता गाडी रिकामीच असते, त्यामुळे त्या पाट्याने ती दणके फार देते. तांत्रिकदृष्ट्या तो काढणंच बरोबर, आणि भेट द्यायला आलेल्या एका जाणकाराने ते ठासून सांगितलंही. मी पाटे भट्टीत घालून नव्याने कमान देऊन घेतली आणि तो जादा पाटा पुन्हा जिथल्या तिथे बसवला. ओव्हरलोड हा त्या काळच्या भाड्याच्या गणिताचा भाग होता. दर पाडून मागणाऱ्या बाजारात घर चालवायचं तर चार पोती जादा घ्यावीच लागायची. ते गणित पुसून गाडी सोज्वळ दाखवायची मला इच्छा नव्हती.

मागच्या फाळक्यावर पाणपेपर मारला तेव्हा रंगाखाली रंग निघत गेले. हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली निळा. पिवळ्यावर पेंटरने हाताने काढलेली अक्षरं होती, सावली दिलेली, शेपट्या ओढलेली: आईचा आशीर्वाद. त्याखाली हॉर्न ओके प्लीज. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ट्रकच्या मागे ते लिहायला बंदी आली. मी गाडी पिवळ्या थरावर थांबवली, कारण माझ्या आठवणीतली गाडी तीच. फाळक्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा मात्र पायऱ्यापायऱ्यांनी तशीच उघडी ठेवली आहे. तिन्ही रंग तिथे एका ओळीत दिसतात.

गाडी आता पहिल्या स्टार्टरला बोलते. पण ती वर्कशॉपच्या आवारातच फिरते, आणि याची मला मनापासून खंत आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकींना त्यात ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो. भाड्याने माल वाहिलेला ट्रक त्या व्याख्येत बसत नाही. संस्थानिकांच्या मोटारी जपल्या जातात, आणि त्या जपायलाच हव्यात. पण या राज्याचा गूळ, कांदा, ऊस आणि सिमेंट ज्या गाड्यांनी ओढलं, त्या किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. या नियमात मालवाहू गाड्यांसाठी एखादं कलम वाढवावं, एवढं मागणं काही मोठं नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करूया. तुमच्या मळ्यात, गोठ्यामागे किंवा पडीक जागेत घरातल्या वडीलधाऱ्यांचा ट्रक उभा असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी चार गोष्टी करा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर उतरवून घ्या. आरसी बुक प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा. बॉडी कोणी बांधली हे सांगणारं कोणी गावात असेल तर त्याच्यापाशी बसून ते लिहून काढा. आणि अख्खी गाडी ठेवायला जागा नसेल, तर निदान मागचा फाळका उतरवून घरात न्या. त्याला रंग देऊ नका.